‘मुक्तद्वार’ या शब्दाची कसोटी: अमेरिकन सार्वजनिक ग्रंथालये आणि नॅलॉक्सोन

गावोगावच्या जुन्या वाचनालयांत साधारणपणे दोन दालने असतात. आतले दालन देवघेवीचे. तिथे अनामत रक्कम, मासिक वर्गणी, सभासद क्रमांक, उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंड असे सगळे सोपस्कार असतात. बाहेरचे, बहुधा रस्त्याकडेचे दालन ‘मुक्तद्वार वाचनालय’ म्हणून ओळखले जाते. उतरत्या मेजांवर दैनिके मांडलेली असतात. कोणीही यावे, बसावे, वाचावे आणि निघून जावे. नाव विचारले जात नाही. ‘मुक्तद्वार’ हा शब्द मला फार दिवसांपासून आवडत आलेला आहे आणि त्या आवडीत थोडी अपराधाची भावनाही मिसळलेली आहे. विद्यार्थिदशेत मी ज्या तालुक्याच्या गावी राहत होतो, तिथल्या अशाच एका वाचनालयात एक मध्यमवयीन गृहस्थ रोज सकाळी दहाच्या सुमारास येत, समोर एखादे दैनिक उघडून ठेवत आणि पंख्याखाली बसल्या बसल्या झोपी जात. त्यांच्या कपड्यांच्या वासाचा इतरांना त्रास होई. आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून चिटणिसांकडे लेखी तक्रार केली आणि आठवड्याभरात भिंतीवर पाटी लागली: ‘येथे झोपू नये. फक्त वाचकांसाठी.’ ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. तक्रारीवर माझीही सही होती.

हे आठवण्याचे निमित्त मात्र पुष्कळ दूरचे आहे. मे २०१७ मध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकातील एका स्तंभामुळे त्या शहराच्या केन्सिंग्टन भागातील मॅकफर्सन स्क्वेअर ग्रंथालयाची हकीकत अमेरिकाभर पोचली. हे ग्रंथालय एका चौकोनी बागेच्या मधोमध उभे आहे. स्तंभ, घुमट आणि रुंद पायऱ्या अशी त्याची इमारत १९१७ सालची. त्या बागेला लोक ‘नीडल पार्क’, म्हणजे सुयांची बाग, म्हणू लागले होते. कारण हेरॉइन टोचून घेणारी माणसे गवतावर, बाकांवर, झाडांखाली पडलेली असत. ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहातही तेच चाले. सांडपाण्याच्या नळात सुया अडकल्यामुळे ते एकदा काही दिवस बंद ठेवावे लागले होते, आणि पुढे आत जाणाऱ्याचे ओळखपत्र बाहेर बसलेल्या माणसाकडे ठेवून घेण्याची पद्धत सुरू झाली. याच इमारतीत शाळा सुटल्यावर वस्तीतली मुले गृहपाठाला, संगणकावर खेळायला आणि गोष्टी ऐकायला येत. अशा ठिकाणी काम करणाऱ्या एका तरुण ग्रंथपाल बाईंनी काही महिन्यांच्या अवधीत सहा जणांना मरणाच्या दारातून परत आणले होते. बागेत कोणी निळे पडल्याची हाक आली की एकाने मुलांना आत न्यायचे, दुसऱ्याने रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि तिसऱ्याने टेबलामागची डबी घेऊन धावायचे, अशी रीतसर तालीम कर्मचाऱ्यांनी केलेली होती.

त्या डबीत असते ते नॅलॉक्सोन. हेरॉइन, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सर्व अफूच्या कुळातली किंवा तिच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेली द्रव्ये मेंदूतील विशिष्ट ग्राहकांना जाऊन चिकटतात. मात्रा अति झाली की श्वास घेण्याची प्रेरणाच मंदावते. माणूस तडफडत नाही. तो झोपल्यासारखा दिसतो, ओठ आणि नखे निळसर होतात, आणि प्राणवायूवाचून काही मिनिटांत मेंदू मरू लागतो. नॅलॉक्सोन त्याच ग्राहकांना अधिक घट्ट चिकटते, आधीच्या द्रव्याला बाजूला सारते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. त्याची नशा होत नाही. ज्याच्या शरीरात अफूजन्य द्रव्य नाही, त्याला ते चुकून दिले तरी अपाय होत नाही. मात्र त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. आधीचे विष त्याहून चिवट असेल तर माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत कोणी तरी शेजारी बसून राहावे लागते. वाचलेला माणूस पुष्कळदा आभार मानत नाही. नशा एकाएकी उतरवली गेल्यामुळे त्याला मळमळते, थंडी वाजते, तो चिडतो.

फिलाडेल्फिया हे शहर या कथेला योगायोगानेच लाभले असले, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला त्या योगायोगाचा मोह पडावा असे आहे. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या मित्रमंडळींसह १७३१ साली याच शहरात ‘लायब्ररी कंपनी’ स्थापन केली. पन्नास वर्गणीदार, प्रत्येकी सुरुवातीला चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा, असा तो मामला होता. आपल्या देवघेव विभागाचे हे दूरचे पूर्वज म्हणता येतील. पुस्तक सर्वांचे, पण ‘सर्व’ म्हणजे वर्गणी भरणारे. आणि याच फ्रँकलिनने १७५१ साली डॉ. थॉमस बाँड यांच्यासह पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल उभारले, ते मुख्यतः गरीब रुग्णांसाठी. एकाच माणसाच्या हातून ग्रंथालय आणि रुग्णालय या दोन्ही संस्था निर्माण झाल्या, पण त्याने त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्या होत्या. पुस्तकांसाठी वर्गणी लागत होती आणि औषधासाठी दारिद्र्य.

वर्गणीची अट जाऊन कराच्या पैशातून चालणारे, सर्वांना खुले ग्रंथालय ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. न्यू हॅम्पशरमधील पीटरबरो या लहानशा गावाने १८३३ साली तसे ग्रंथालय सुरू केले. बॉस्टनने १८४८ मध्ये कायदेशीर पाया घातला आणि १८५४ मध्ये दरवाजे उघडले. कॉप्ली चौकातली त्याची १८९५ सालची इमारत आजही प्रवेशद्वारावर ‘सर्वांसाठी विनामूल्य’ अशा अर्थाची अक्षरे दगडात वागवते. फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाने तर १८९१ साली नावातच हा शब्द घेतला: ‘फ्री लायब्ररी ऑफ फिलाडेल्फिया’. इंग्रजीतल्या ‘फ्री’ला विनामूल्य आणि मुक्त असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत आपल्याला त्यांतला एक निवडावा लागतो, आणि ‘मुक्तद्वार’ म्हणताना आपण दुसरा निवडला, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

या शहराला १९०३ साली अँड्र्यू कार्नेगीने पंधरा लाख डॉलर देऊ केले, तीस शाखा बांधण्यासाठी. त्यांतल्या पंचवीस प्रत्यक्षात उभ्या राहिल्या आणि मॅकफर्सन स्क्वेअर ही त्यांपैकीच एक. कार्नेगीचा नियम ठरलेला असे: इमारत मी देतो, जागा आणि दरसालचा खर्च गावाने द्यावा. अमेरिकेत अशी १,६०० हून अधिक सार्वजनिक ग्रंथालये त्याच्या पैशातून झाली. परंतु हा पैसा पोलादाचा होता. १८९२ साली होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यात मजुरी घटवण्यावरून संप झाला, खासगी पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, माणसे मेली. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच होमस्टेडला कार्नेगी ग्रंथालय मिळाले. बारा बारा तास भट्टीसमोर राबणाऱ्याने पुस्तक केव्हा वाचायचे, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. केन्सिंग्टनही कामगारांचेच. गालिचे, लेस, कापड, आणि स्टेटसन कंपनीच्या टोप्या यांचे कारखाने तिथे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते एकामागून एक बंद पडले. वस्ती रिकामी होत गेली आणि रिकाम्या कारखान्यांच्या कडेने हेरॉइनचा बाजार बसला. ग्रंथालय तेवढे आपल्या घुमटासह जागच्या जागी राहिले.

इथे मराठी वाचकाने क्षणभर बडोद्याकडे पाहावे. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले, तेव्हा शाळांइतकीच तिथल्या मोफत ग्रंथालयांची व्यवस्था त्यांच्या मनात भरली. शिक्षण सक्तीचे केले, पण शाळा सोडल्यावर माणसाने वाचायचे काय, हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्याला आणले. तीन वर्षांत बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग आणि खेड्यांत लाकडी पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये अशी सगळी घडी बसवली. आपल्या महाराष्ट्रातील पुणे, ठाणे, मुंबई येथील नामवंत ग्रंथसंग्रहालये वर्गणीच्या आणि लोकाश्रयाच्या बळावर वाढली. राज्याने खर्च करून सर्वांना विनामूल्य वाचू द्यायचे, हा विचार एका मराठी राजाने थेट त्या देशातून उचलला होता. म्हणजे मॅकफर्सन स्क्वेअरच्या पायऱ्या घडवल्या जात होत्या, त्याच दशकात त्याच कुळातले ग्रंथालय बडोद्यातही उभे राहत होते. तेव्हा त्या पायऱ्यांवर जे घडले ते आपल्याला अगदीच परके मानता येत नाही.

परंतु ज्या देशातून बडोद्याने ‘सर्वांसाठी’ हा शब्द घेतला, तिथे तो शब्द खरा होता काय? सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले, त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातील कित्येक शहरांत कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयाची पायरी चढता येत नव्हती. २१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक ग्रंथालयात गेले. त्यांनी सभासदत्व मागितले, ते नाकारले गेल्यावर फडताळातून एकेक पुस्तक घेतले आणि वेगवेगळ्या टेबलांशी जाऊन शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना धरून नेले. या सत्याग्रहामागे सॅम्युएल टकर नावाचे तरुण वकील होते. शहराने यावर काढलेला तोडगा असा की दुसऱ्या वर्षी कृष्णवर्णीयांसाठी एक निराळे, लहान ग्रंथालय बांधून दिले. १९६१ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन शहरात नऊ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पुन्हा तेच केले आणि तेही पकडले गेले. वाचत बसणे हाच गुन्हा ठरावा, अशी ही प्रकरणे होती.

पुढच्या पिढीत प्रश्न उलटा झाला. न वाचता नुसते बसणे हा गुन्हा आहे काय? न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे रिचर्ड क्रायमर नावाचा एक बेघर माणूस ग्रंथालयात तासन्‌तास बसत असे. ग्रंथालयाने नियम केला की जे वाचन, अभ्यास किंवा ग्रंथालयाच्या साहित्याचा उपयोग करत नसतील त्यांनी बाहेर जावे. ज्यांच्या अंगाच्या दुर्गंधीचा इतरांना उपद्रव होतो त्यांनीही जावे. क्रायमर न्यायालयात गेला. १९९१ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. माहिती मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ग्रंथालय ही मर्यादित हेतूची सार्वजनिक जागा असल्याने त्या हेतूशी जुळणारे नियम करता येतात, असा त्या निकालाचा आशय आहे. या खटल्याविषयी मी प्रथम वाचले तेव्हा पंख्याखालचे ते गृहस्थ आठवले. ‘फक्त वाचकांसाठी’ ही आमची पाटी मॉरिसटाउनच्या नियमाचेच मराठी रूपांतर होते, आणि त्या पाटीवर कोणते न्यायालय काय म्हणेल, असा प्रश्नही आमच्यापैकी कोणाला पडला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने वरच्या न्यायालयाचा निकाल चुकीचा नाही, असे मला आजही वाटते. तरीही नाव न विचारणारे, काही विकत घ्यायला न लावणारे, थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारे, बसायला खुर्ची आणि वापरायला स्वच्छतागृह असणारे दुसरे कोणते ठिकाण शहरात उरले आहे, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. वेड्यांची इस्पितळे बंद झाली, स्वस्त खोल्या गेल्या, रेल्वे स्थानकांतील बाके गेली. उरलेल्या माणसांचे पाय ग्रंथालयाकडे वळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने २००९ साली पूर्ण वेळ समाजसेविका नेमली, अमेरिकेत पहिल्यांदाच. तिथून हे पद इतरत्र पसरत गेले.

त्याच काळात गोळ्या आल्या होत्या. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकाँटिन बाजारात आणले आणि त्याची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांच्या गळी उतरवले; २००७ मध्ये ही दिशाभूल होती असे कंपनीने न्यायालयात कबूल केले. सुरुवातीला ज्या प्रदेशांची वाताहत झाली त्यांत पूर्व केंटकीचे कोळशाच्या खाणींचे डोंगराळ जिल्हे होते. ग्रंथालयाच्या इतिहासात या डोंगरांना एक निराळे स्थान आहे. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, सरकारी रोजगार योजनेखाली तिथल्या स्त्रिया घोड्यावर किंवा खेचरावर बसून पुस्तके वाटत असत. महिना सुमारे अठ्ठावीस डॉलर मजुरी. रस्ते नाहीत, ओढ्याच्या पात्रातून वाट. पडशीत जुनी मासिके आणि पाककृतींची कात्रणे चिकटवून घरी बनवलेल्या वह्या. वाचता न येणाऱ्या घरात त्या थांबून वाचून दाखवत. ‘ग्रंथपालाचे काम नेमके कोणते?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

२०१० मध्ये गोळ्या कुटून ओढता येणार नाहीत अशा बनवल्या गेल्या, तेव्हा सवय लागलेले पुष्कळ लोक हेरॉइनकडे गेले. २०१३ नंतर हेरॉइनमध्ये फेंटानिल मिसळले जाऊ लागले आणि मात्रेचा अंदाजच संपला. फिलाडेल्फियात २०१७ या एका वर्षात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने १,२१७ माणसे गेली. साऱ्या देशात त्या वर्षी ७० हजारांहून अधिक, आणि २०२२ मध्ये जवळजवळ १ लाख ८ हजार.

उतारा मात्र जुनाच होता. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ साली नॅलॉक्सोनच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ मध्ये अमेरिकेत ते इंजेक्शन म्हणून मान्य झाले. फिशमन हे पोलंडमधले ज्यू. नाझींपासून पळून त्यांचे कुटुंब शांघायला आणि मग ते अमेरिकेला पोचले. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला कृत्रिम ठरवले असते: २००३ साली त्यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. औषध अस्तित्वात होते, पण ते रुग्णवाहिकेत आणि इस्पितळात होते. माणसे स्वच्छतागृहात, मोटारीत आणि आपल्या खोलीत मरत होती. हे अंतर कमी करण्याचा उद्योग डॉक्टरांनी सुरू केला नाही. १९९६ पासून शिकागोत डॅन बिग आणि त्यांचे सहकारी नशा करणाऱ्यांच्याच हाती नॅलॉक्सोन देऊ लागले. कायदा त्या बाबतीत धूसर होता. न्यू मेक्सिकोने २००१ मध्ये सामान्य माणसाला हे औषध देता यावे असा कायदा केला, पेनसिल्व्हेनियात तो २०१४ साली आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये नाकात मारायचा तयार फवारा मान्य झाला, आणि मग सुईची भीतीही उरली नाही. ग्रंथपालाच्या टेबलामागे ते येऊ शकले, ते या फवाऱ्यामुळे.

विरोधही झाला. २०१६ मध्ये मेन राज्याचे राज्यपाल पॉल लपाज यांनी अशा एका विधेयकाला नकार देताना म्हटले की या औषधाने जीव वाचत नाही, तो पुढच्या अतिमात्रेपर्यंत लांबतो एवढेच. विधिमंडळाने त्यांचा नकार झुगारला. लपाज यांच्या विधानातली क्रूरता बाजूला ठेवली तरी त्यातला तर्क तपासण्यासारखा आहे, कारण तो प्रत्येक वैद्याला लागू करता येतो. कोणते औषध जीव कायमचा वाचवते?

फेब्रुवारी २०१७ मध्ये डेन्व्हरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात एक तरुण अतिमात्रेने मेला. त्यानंतर तिथे नॅलॉक्सोन ठेवले गेले, आणि सुरक्षारक्षक व समाजसेवक यांना ते द्यायला शिकवले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतही त्याच वर्षी याची चर्चा सुरू झाली. काँग्रेसमध्ये ग्रंथालयांना यासाठी अनुदान देण्याचे विधेयक मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये देशाच्या मुख्य आरोग्याधिकाऱ्यांनी सामान्य नागरिकांनी हे औषध जवळ बाळगावे असे आवाहन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फवारा बनवणाऱ्या अ‍ॅडॅप्ट फार्मा कंपनीने देशातल्या १६ हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी दोन मात्रा फुकट देऊ केल्या.

या दानाचे काय करावे, हे ठरवणे सोपे नाही. दोन मात्रा संपल्या की तिसरी विकत घ्यावी लागते. पोलादाच्या नफ्यातून आलेली इमारत आणि औषधाच्या नफ्यातून आलेली डबी एकाच टेबलापाशी भेटतात, हे दृश्य मला काही काळ अस्वस्थ करत राहिले. पर्ड्यूची मालकी असलेल्या सॅकलर घराण्याचे नाव कितीतरी संग्रहालयांच्या दालनांवर कोरलेले होते. लूव्रने ते २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये काढून टाकले. कार्नेगीचे नाव कोणी काढले नाही, आणि काढावे असे मलाही वाटत नाही. होमस्टेडच्या मेलेल्या कामगारांच्या नातवंडांनी त्या ग्रंथालयांत वाचले आहे.

२०१७ पर्यंत औषध ग्रंथपालाच्या हाती होते. पुढच्या काही वर्षांत ते वाचकाच्या हाती जाऊ लागले, आणि माझ्या मते या इतिहासातील खरा बदल तो आहे. शिकागोत २०२२ पासून नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने ग्रंथालयांच्या शाखांत भिंतीवर पेट्या लावल्या. ज्याला हवे त्याने फवारा काढून घरी न्यावा. फिलाडेल्फियात त्याच वर्षी वेस्ट फिलाडेल्फियातील एका विभागीय ग्रंथालयापाशी मोफत नॅलॉक्सोन देणारे यंत्र उभे राहिले. मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीवाचून विक्रीला परवानगी मिळाली, पण दुकानात दोन मात्रांची किंमत सुमारे ४५ डॉलर होती. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्या दृष्टीने ती विनामूल्य नव्हतीच. २०२५ मध्ये इलिनॉय राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांनी हे औषध ठेवलेच पाहिजे, असा कायदा केला. दरम्यान औषध कंपन्यांवरील खटल्यांतून ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम राज्यांना आणि शहरांना मिळण्याचे करार झाले, आणि त्यातला काही पैसा याच फवाऱ्यांवर खर्च होतो. २०२४ मध्ये मृत्यूंचा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. त्याचे श्रेय कोणाला किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. घरोघरी पोचलेले नॅलॉक्सोन हे एक कारण बहुतेक जण मान्य करतात.

या सगळ्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप ग्रंथपालांच्या आतूनच आला आहे. फोबाझी एटार या ग्रंथपाल लेखिकेने २०१८ साली एका निबंधात असे मांडले की ग्रंथालयाचे काम हे पवित्र व्रत आहे या भावनेचा वापर करून ग्रंथपालांवर वाटेल ते ओझे टाकले जाते. आणि व्रतस्थाने पगार, प्रशिक्षण, विश्रांती मागणे मग अश्लाघ्य ठरते. नॅलॉक्सोन देण्याचे उदाहरण त्यांनी यात घेतलेले आहे. शिक्षकी पेशात वावरलेल्या कोणालाही हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. जनगणना, निवडणूक, लसीकरणाच्या याद्या ही कामे आपल्याकडच्या मास्तरांना ज्या शब्दांत सांगितली जातात, तेच हे शब्द आहेत. ज्या बाईंनी सहा माणसे वाचवली त्यांनी भाषाशास्त्र, सूचीकरण किंवा बालसाहित्य यांपैकी काही शिकण्यासाठी पदवी घेतली असेल. प्रेताच्या रंगाचे ओठ पाहण्यासाठी खचित घेतली नसेल. रात्री घरी गेल्यावर त्या काय करत असतील, याचा हिशेब कोणत्याच अहवालात नसतो. आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर? तो मृत्यू पायऱ्यांवर बसलेल्या मुलांनीही पाहिलेला असतो.

एटार यांचे म्हणणे मला पटते, आणि तरीही डबी टेबलामागे असली पाहिजे असेही वाटते. या दोहोंत मला विसंगती दिसत नाही. डबीबरोबर परिचारिका, समाजसेवक, पुरेसे कर्मचारी यावेत अशी मागणी करणे म्हणजे डबी नाकारणे नव्हे. ‘हे ग्रंथालयाचे काम नाही’ या वाक्यातले ‘काम’ ज्या ‘वाचक’ या शब्दावर उभे आहे, तो शब्द मात्र मला आता पूर्वीइतका स्पष्ट वाटत नाही. अलेक्झांड्रियातले पाच तरुण वाचत होते आणि तरी ते वाचक ठरले नाहीत. मॉरिसटाउनचा क्रायमर अधूनमधून वाचत असे. केन्सिंग्टनच्या बागेत पडलेल्या माणसाने कदाचित लहानपणी याच घुमटाखाली गोष्टी ऐकल्या असतील, कदाचित नसतील. इंग्रजीत ग्रंथालयात येणाऱ्याला ‘पेट्रन’ म्हणतात, म्हणजे जवळजवळ आश्रयदाता. आपल्याकडे तो सभासद तरी असतो किंवा वाचक तरी. येऊन नुसत्या बसलेल्या माणसासाठी आपल्या ग्रंथालयांच्या परिभाषेत शब्दच नाही.

पुस्तकाची नोंद देवघेवीच्या वहीत होते: कोणी नेले, केव्हा नेले, केव्हा परत करायचे. भिंतीवरच्या पेटीतून फवारा नेणाऱ्याची अशी नोंद बहुतेक ठिकाणी होत नाही. नाव विचारले तर माणूस येणार नाही, हे अनुभवाने कळलेले आहे. तो परत येत नाही, त्यावर दंड नाही. ग्रंथालयाने फक्त एवढे करायचे असते की ठरावीक दिवसांनी पेटी उघडून डब्यांवरची मुदतीची तारीख पाहायची, उलटलेल्या बाजूला काढायच्या आणि रिकाम्या झालेल्या जागी नव्या ठेवायच्या. हे काम ज्याच्याकडे असते तोच बहुधा संध्याकाळी फडताळातली पुस्तकेही जागच्या जागी लावत असतो.